टेलला कोण बसणार?

संपत, तू एवढा पण चांगला नव्हतास.

हे आधीच सांगून टाकते. कारण तुझ्या घरी जो येतो तो चपला काढायच्या आधी म्हणतो, "चांगली माणसं देवाला लवकर आवडत्यात." आणि मावशी मान हलवती. मला तितंच उठून ओरडावंसं वाटतं, की अहो हा कुठनं चांगला? हा बटणं चोरायचा! खेळ चालू असताना मी तांब्या उचलायला वळले की बोर्डावरच्या माझ्या रानातली दोन निळी बटणं ह्याच्या रानात. पकडला की तोंड वर करून म्हणायचा, "मी कुठं घेतली? झिरपली असतील." सख्खा मावसभाऊ असून! देवाला असली माणसं आवडत असतील तर देवाचं पण अवघडच हाय.

तर मी रडणार न्हाय. म्हणजे रडले, ते झालं. आता भांडणार हाय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधनंच उठून गेलायस, हे मला अजिबात मान्य न्हाय. इंदापुरात दुकानात कॉम्प्युटरपुढं बसलेय. एका दूधसंस्थेचा अहवाल टाइप करायचा पडलाय, पडू दे. लाइट हाय तवर लिहून घेते. बोटं थांबत न्हाईत, चुका बघत बसत न्हाय. तू तरी कुठं बघायचास.

ह्याच खुर्चीमागं तू पेंगायचास. लोणीच्या एमआयडीसीतनं नाइट करून सुटलास की निमगावला घरी जायचं सोडून हितं यायचास आणि कागदाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकायचास. एकदा मी कॅनॉलचं पाळीपत्रक टाइप करत होते. कुणाच्या रानाला कुठल्या वारी पाणी, ते. तू मागनं वाचलंस आणि हसायलाच लागलास.

"सुरे, ह्यात सगळ्यांना पाणी मिळतंय की गं!"

"मग? पाळीपत्रक हाय ते. मिळणारच."

"आमच्या बापाला दाखव. म्हणावं, तात्या, उगं तोंड पाडू नका, तुमचं रान भिजलंय."

मग पाठकोरा कागद ओढून तू रेघ मारलीस. डाव्या हाताला कॅनॉलचा दरवाजा, त्यातनं निघालेली चारी, आणि चारीच्या कडेला चार रानं. पहिलं हेडचं. शेवटचं टेलचं. फासा टाकायचा, पडतील त्याच्या तिप्पट निळी बटणं, म्हणजे तेवढं पाणी सुटलं. हेडवाल्यानं हवं तेवढं घ्यायचं, उरलं ते खाली सोडायचं. हातात पिकांचे पत्ते. उसाला पाणी लई आणि पैसा लई, ज्वारीला पाणी थोडं आणि पैसा पण थोडा. सहा पाळ्या झाल्या की ज्याचं पीक भारी तो जिंकला. माझं जेवण राहिलं, मालकांची बोलणी खाल्ली, पण तेवढ्यात आपले दोन डाव झाले होते. दोन्ही मी जिंकले, कारण हेडला मी बसले होते. हे तेव्हा माझ्या डोक्यात पण आलं न्हाय.

छापायचं वेड माझं. हातानं काढलेल्या कागदावर लोक खेळतात, पण खेळल्यासारखं करतात. पोरांचं मन राखल्यासारखं. छापलेलं पुढं ठेवलं की माणूस सरळ बसतो. म्हणून आपण बारामतीला रफीकचाचांच्या प्रेसमध्ये गेलो. तुला आठवतंय ना, त्यांनी चष्म्यावरनं बघून पहिलं काय विचारलं ते?

"मुलाकडचं का मुलीकडचं?"

"चाचा, लग्न न्हाय. खेळ हाय."

"खेळ? कुठं, जत्रंत?"

आख्ख्या जन्मात चाचांनी लग्नाच्या पत्रिका आणि श्रद्धांजलीची पत्रकं ह्याच्याशिवाय काही छापलेलं नव्हतं. पण बोर्ड बघितला आणि त्यांच्या अंगात आलं. निळा रंग कालव्याचा पायजे, आभाळाचा न्हाय, म्हणून तीनदा शाई घोटली. जाळीवर रबराची पट्टी ओढली आणि पुठ्ठ्यावर आपली चारी उमटली. मी तर ओलीच शाई बोटानं चाखून बघितली असती. आणि बघतो तर बोर्डाच्या डोक्यावर लाल अक्षरात ॥ श्री गणेश प्रसन्न ॥.

"चाचा, हे कुणी सांगितलं?"

"सांगावं लागतंय व्हय? माझ्या प्रेसमधनं कागद मोकळ्या कपाळानं भाईर जात न्हाय."

पत्ते त्यांनी उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर छापून दिले, कापून, कोपरे गोल करून. आपण एवढे हुरळलो की कुणी उलटून मागची बाजू बघितलीच न्हाय. निमगावच्या बाजारादिवशी हॉटेलात पहिला खरा डाव मांडला, चार अनोळखी माणसं धरून. दोन पाळ्या झाल्या आणि त्यातले पागोटंवाले आबा ओरडायला लागले, "सोनेरी वढ, सोनेरी! सोनेरीत ऊस हाय!" सगळा ऊस कुणाच्यातरी लग्नाच्या सोनेरी वेलबुट्टीवर छापला गेला होता आणि ज्वारी गुलाबीवर. मग काय, चौघं पण सोनेरीवर तुटून पडले. मी रडकुंडीला आलेले आणि तुझ्या नाकातनं चहा.

"सुरे, लोकं नियम शिकायच्या आधी चोरी शिकली. आपला खेळ चालतोय बघ."

ह्या एका वाक्यासाठी मी तुझी आयुष्यभर आभारी हाय, जा. मी बोर्ड फाडायला निघाले होते.

दुसऱ्या छपाईला मागची बाजू सगळ्यांची एकसारखी केली आणि सणसरला गेलो, तुझ्या कंपनीतल्या दत्ताच्या गोठ्यापुढं. दत्ता टेलला बसला. पहिल्या पाळीला त्याला काही आलं न्हाय. दुसरीला एक बटण. तिसरीला काही न्हाय. आणि दत्ता उठला, ढुंगण झटकलं आणि म्हणला, "मला ह्यात काय करायचंय? नुसतं बघायचंच असंल तर घरी बसून बघतो की." त्याच्या जागी दुसरा कुणी बसंना. आपण त्याच्या चुलत्याला बोलावलं, त्यांनी बोर्डाकडं नजर टाकली आणि म्हणले, "हेड मोकळं हाय का? मग बसतो."

एसटीत आपण भांडलो. अजून कानात हाय माझ्या.

"नियम बदलू या," मी म्हणलं. "टेलला कोण बसणार असल्या खेळात?"

"बसत्यात की. जन्म काढत्यात लोकं टेलला."

"ते रानात. इथं उठून जाता येतं, दत्ता गेला तसं."

"मग जाऊ दे. खेळ खरा हाय."

"एक पाळी हेडकडनं, पुढची टेलकडनं. टेल भिजल्याशिवाय वरचे दरवाजे उघडायचे न्हाईत."

"ते तर तुझ्या पाळीपत्रकात पण लिवलंय, सुरे. तुला कागदावरचा खेळ करायचाय."

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबले. "दादा बरोबर बोलत्यात, ताई. खेळ खराच पायजे."

मी विचारलं, "तुमचं रान कुठं?"

"हेडला."

सगळी एसटी हसली. तू पण हसलास. मग मात्र इंदापूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून शेंगा खात बसलास आणि मला एक पण दिली न्हाईस.

मग कावीळ. त्यावर मी काही लिहिणार न्हाय. कुठं नेलं, कुणाचं ऐकलं, कधी नेलं, हे तुझ्या दारात रोज उगाळून चाललंय, त्याला माझी गरज न्हाय. मी फक्त बारामतीच्या दवाखान्यातली ती दुपार लिहिते. दोन कागद घेऊन आले होते. एकावर तुझा नियम, एकावर माझा. म्हणलं, एकावर बोट ठेव, चाचा थांबलेत, तिसरी छपाई करायचीय. तू डोळे उघडलेस. हळदीत बुडवून काढल्यासारखे.

"थांब की. सगळं पिवळं दिसतंय, निळी बटणं हिरवी दिसतील. बरा झालो की बघू."

मी चिडले. खरंच चिडले, आणि ते मला आता पण चुकीचं वाटत न्हाय. बरा झालो की बघू म्हणणारा माणूस बरा व्हायला पायजे, एवढाच नियम हाय. तो तू मोडलास.

तेराव्यादिवशी तुझे कपडे वाटून झाले. मग तुझे बारामतीचे भाऊकाका कोनाड्यातलं खोकं घेऊन बाहेर आले. दोन्ही छपाया, फासे, शिंप्याकडनं आणलेली बटणं, सगळं त्यात.

"हे जुगाराचं सामान घरात नको. पोराचा जीव ह्यात अडकायचा. जाळा न्हायतर पाण्यात सोडा."

मी खोकं त्यांच्या हातातनं ओढलं. सगळ्या पाहुण्यांपुढं. आई म्हणली, "सुरेखा, मोठी माणसं हायेत." मी म्हणलं, "मग त्यांनी जुगार आणि खेळ वेगळा असतो हे शिकावं." आईनं कपाळाला हात लावला. आणि जीव अडकायचा म्हणे! अडकू दे की. कुठंतरी अडकला तर बरंच हाय. आमच्याकडं तेवढाच राहील.

दुसऱ्यादिवशी सकाळची एसटी धरून चाचांकडं गेले आणि माझा कागद दिला. माझा. तुझा न्हाय. तुला विचारायचं होतं, पण तू विचारता येईल अशा ठिकाणी राहिला न्हाईस, तर हा तुझा दोष. चाचा म्हणले, ये चार दिवसांनी. गेले तर बोर्ड वाळत ठेवलेले. खाली कोपऱ्यात, जितं आपलं "खेळ मांडणारे: सुरेखा आणि संपत" असतं तितं चाचांनी छापलं होतं "सुरेखा आणि कै. संपत". आणि दोन्ही बाजूंनी एकेक समई.

"चाचा, हे काय?"

"समई हाय. पैसं न्हाईत घ्यायचो तिचं."

"आणि हे कै.?"

"अगं पोरी, लावावं लागतंय. गेलेल्या मानसाचं नाव नुसतं छापलं तर लोक म्हनतील रफीकला कळत न्हाय. मी गावची सगळी पत्रकं छापतो, मला रीत माहीत हाय."

"हे पत्रक न्हाय, चाचा. बोर्ड हाय. फासा टाकायला हात उचलला आणि पुढं कै. दिसलं, तर माणूस टाकील का फासा? तो हात जोडंल. मला हात जोडणारी माणसं नकोत, मला बटणं चोरणारी पायजेत."

चाचा बराच वेळ जाळी पुसत राहिले. पुसून झालेलीच होती. मग चिकटपट्टीचा तुकडा तोडला, जाळीवर त्या एका अक्षरावर लावला, मोठे दोन तुकडे समयांवर लावले आणि नव्या पुठ्ठ्यावर रबर ओढलं. म्हणून ह्या छपाईत तुझ्या नावाआधी जरा जास्तच जागा सुटलीय. दिसायला वाईट दिसतं. चाचा म्हणले, "अक्षर सरकवून नीट करतो." मी म्हणलं, न्हाय, असू दे तसंच.

आणि डाव कुठं मांडला सांगू? तुझ्या अंगणात.

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवली. चाचा लुनावर बोर्ड बांधून आले, भेटायला म्हणून आणि बोर्ड द्यायला म्हणून. दत्ता आलेला होताच. भाऊकाका ओसरीवर पाठ करून बसले. तात्या खांबाला टेकून होते. तू गेल्यापासनं ते "व्हय" आणि "न्हाय" सोडून तिसरा शब्द बोलले नव्हते. मी विचारलं, तात्या, मांडू का? मला वाटलं आता हाकलतील.

"सुतक फिटलंय न्हवं? मग मांड."

ते खाली बसले. बोर्डावर बोट ठेवून कॅनॉलच्या दरवाजापासनं चारीच्या कडंकडंनं खाली येत गेले, एक रान, दुसरं रान, तिसरं, आणि शेवटच्यावर थांबले. "हे आपलं."

संपत्या, तू मला हे सांगायला काय झालं होतं रे? एवढं भांडलास. खरं खरं म्हणून डोकं खाल्लंस माझं. एकदा तरी म्हणायचंस की टेलला तात्या हायेत. तुला खेळ जिंकायचा नव्हताच, तुला हेडच्या माणसाला ते चौथं रान बघायला लावायचं होतं, सहाच्या सहा पाळ्या, उठून न जाता. मला तितं अंगणात बसल्यावर कळलं. कळलं म्हणून मी माझा नियम मागं घेतला न्हाय. पण एसटीतल्या शेंगांचं माफ केलं.

हेडला दत्ता, मग मी, मग चाचा, शेवटी तात्या. पहिली पाळी हेडकडनं. दत्तानं ऊस लावला आणि सगळं ओढलं. माझ्याकडं आलं न्हाय, चाचांकडं आलं न्हाय, तात्यांकडं तर प्रश्नच न्हाय. तात्यांनी मुकाट ज्वारीचा पत्ता खाली ठेवला. कुणी सांगायची गरज नव्हती.

"तात्या, आता ही पाळी टेलकडनं. पहिलं तुमचं."

"म्हंजी?"

"वरचे दरवाजे बंद. तुमाला हवं तेवढं घ्यायचं."

"हवं तेवढं?"

"हवं तेवढं."

त्यांनी फाटकाकडं बघितलं. खरंच बघितलं, कुणी वरचा दरवाजा उघडायला येतंय का म्हणून. एक बटण उचललं. मग दुसरं. मग दोन्ही हात घालून ओंजळ भरली आणि सगळं, सगळं आपल्या रानात ओतलं.

"तात्या!" दत्ता उठलाच. "माझा ऊस वाळला की!"

"वाळू दे."

"अहो काय तरी सोडा वर!"

"बोंबल तू. मी लई बोंबललोय."

आणि ओसरीवरनं, पाठ करून बसलेले भाऊकाका, ज्यांना हे सामान जाळायचं होतं, ते फिरले आणि ओरडले, "आरं तात्या, ज्वारी काय धरून बसलास, ऊस लाव ऊस! पानी हाय तुझ्याकडं!"

मावशी दारात आली. "केवढ्यानं ओरडताय रं, शेजारी काय म्हनतील." पण ती परत आत गेली न्हाय. तितंच उंबऱ्यावर बसली आणि तात्यांच्या हातातले पत्ते बघायला लागली. तात्या जिंकले. आणि दत्ता, सणसरला टेलवरनं उठून गेलेला दत्ता, म्हणतो, "परत मांड. टेलला मी." तात्या म्हणले, "जागा सोडनार न्हाय मी. हेडला बस जा, तुला आवडतंय न्हवं हेड." टेलच्या जागेवरनं भांडण लागलं, संपत! टेलच्या!

तर मी जिंकले. हे तू कबूल करायचं हाय.

फक्त तेवढ्यात चाचा चष्मा पुसत म्हणले, "ए पोरी. हेडची पाळी आली, हेडनं प्यालं. टेलची आली, टेलनं प्यालं. आमी मधली मानसं काय बांधावर फोटो काढायला आलोय?"

मी माझ्या रानाकडं बघितलं. कोरडं. चाचांचं कोरडं. सहा पाळ्या आमी दोघं कोरडे होतो आणि मला दिसलं पण न्हाय, कारण मी तुला चूक ठरवण्यात दंग होते. तुला हे एसटीतच दिसलं असणार. माझी खात्री हाय. म्हणूनच खिडकीकडं तोंड केलं होतंस. तू थांबला होतास, मी छापून आणेपर्यंत, आणि मग बोर्डावर बोट ठेवून, दात काढून म्हणणार होतास, सुरे, मधल्यांचं काय? आता ते कुणी म्हणलं न्हाय. चाचा म्हणले, पण त्यांना चिडवता येत न्हाय. माझी चूक मलाच काढायला लागली आणि मलाच कबूल करायला लागली, आणि ह्यात अजिबात मजा न्हाय.

तात्यांनी काल निरोप पाठवला, पुढची छपाई कधी. ते आता तीन तीन शब्द बोलतात. मधल्यांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं न्हाय. सुचल. बसून विचार करून न्हाय, माझा स्वभाव तुला माहीत हाय. तुझ्याशी भांडूनच सुचल.